रोमन कवीचा भातलावणीचा दिवस

एम.ए.च्या प्रबंधासाठी मी दोन हजार वर्षांपूर्वीचा एक रोमन कवी निवडला. तो शेतीवर लिहितो आणि मी किन्हवलीजवळच्या शेतकऱ्याघरची सून. म्हटलं, विषय घरचाच. सासूबाईंना मात्र तो पहिल्या दिवसापासून खटकला. शेतकरी किती सुखी, असं तो म्हणतो, हे मी चुलीपाशी बसून सांगितलं, तर त्यांनी भाकरी थापता थापता विचारलं, "त्यानं लावणी केलेली का गो?"

"त्यांच्याकडे भात नव्हतं, आई. गहू, द्राक्षं, मधमाश्या."

"मंग त्याला कंबर कुठं म्हायती!"

मला रागही यायचा आणि हसूही. शेवटी त्यावर मी अख्खं प्रकरण लिहिलं: राबणाऱ्यांचं गुणगान करणारा हा कवी स्वतः बांधावर उभा आहे की चिखलात?

तोंडी परीक्षेची तारीख आली ती नेमकी शेजारच्या काकूंच्या लावणीच्या दिवशी. आमच्याकडे लावणीला मजूर नसतात; आज त्या आमच्या शेतात, उद्या आम्ही त्यांच्या. काकू आमच्याकडे दिवसभर वाकल्या होत्या, तो दिवस मला फेडायचा होता. नाही फेडला, तर पुढच्या वर्षी आमच्याकडे कोण येणार? आणि परीक्षेला नाही गेले, तर दोन वर्षांचा अभ्यास पाण्यात. सासूबाईंचे गुडघे धरलेले, त्यांना विचारायची माझी हिंमत नव्हती. आदल्या रात्री त्यांच्यादेखतच मी पुस्तकं कपाटात ठेवून दिली.

सकाळी पाहते तर सासूबाई कासोटा घट्ट मारून दारात उभ्या.

"काकूचा दिवस मी फेडीन. तू ठाण्याला जा."

"अहो, पण गुडघे..."

"गुडघे माझे हायेत ना? तुला काय करायचंय?"

परीक्षकांनी बांध आणि चिखल यांवरच जास्त विचारलं. मी भडाभडा बोलले, त्यांना आवडलंही. पण परतीच्या बसमध्ये माझा जीव सगळा त्या गुडघ्यांत अडकला होता. घरी आले तर सासूबाई गरम पाण्यात पाय सोडून बसलेल्या.

"झाला का पास तुझा म्हातारा?"

"झाला."

"मंग सांग त्याला, माझा एक दिवस देणं लागतो. पुढल्या लावणीला ये म्हणावं."

मला हसता हसता रडू फुटलं. तेल गरम करून मी त्यांचे गुडघे चोळत बसले.

यंदा त्या पुन्हा चिखलात उतरायला निघाल्या, तेव्हा मी त्यांना बांधावर बसवलं आणि कवीचा दिवस मीच फेडला. संध्याकाळी कंबर धरून सरळ झाले, आणि आयुष्यात पहिल्यांदा त्याला मनापासून शिवी हासडली. सासूबाई बांधावरून खूश होऊन बघत होत्या.