खरपुडीचा उतार

बोईसरच्या शाळेत विज्ञान शिकवत होते तेव्हापासून मला नको तिथे शहाणपणा करायची खोड आहे. रिटायर झाल्यावर ती वाढलीच. पालघरच्या पूर्वेला एका उतारावर खरपुडी उगवते. तिची ही जात सह्याद्री-कोकणाबाहेर कुठे सापडत नाही. जमिनीत कंद, वर दोऱ्याएवढा वेल आणि श्रावणात कंदिलासारखं फूल. पहिल्यांदा दिसली आणि मी वेडीच झाले.

पायथ्याला एका मावशींचं भाताचं रोप करायचं शेत. उन्हाळ्यात त्यावर पालापाचोळा, शेण पसरून त्या राब भाजायच्या, आणि आग हमखास वरच्या गवतात चढायची. मी हात जोडले, "मावशी, इथे आग नको. झाड नाहीसं होईल हो!"

"बाई, ती दर वर्साला जलते न् दर वर्साला येते," त्या म्हणाल्या. पण बाईंचा शब्द मोडवेना, म्हणून त्यांनी राब लांबच्या खाचरात नेला. तिथे रोप धड झालं नाही, पिवळं पडलं. मी मात्र खूश!

पहिल्या वर्षी फुलं कमी आली. दुसऱ्या वर्षी गवत कमरेला लागलं. तिसऱ्या वर्षी भर पावसात अख्खा उतार पालथा घातला, पण एक वेल दिसेल तर शपथ. तिथेच बसून रडले. आग लागते तेव्हा कंद मातीखाली झोपलेला असतो, त्याला धग लागत नाही. वरचं वाळलं गवत जळतं म्हणून तर कोवळ्या कोंबाला ऊन मिळतं. एवढं साधं मला कळू नये?

यंदा वैशाखात मावशींच्या दारात गेले. "चुकलं माझं. राब जुन्या जागीच भाजा."

"आता सुचला काय?" म्हणाल्या, आणि चहा ठेवला. दुसऱ्या दिवशी उतार काळा झाला.

श्रावणात एक वेल आला. एकच. मी आनंदाने ओरडतेय तोच मावशी खुरपं घेऊन त्याच्याशेजारी बसल्या. हे कंद त्या लहानपणापासून खात आलेल्या. "अहो, नका!" मी किंचाळले.

त्या वेलाभोवतीचं गवत काढत होत्या. मी ओशाळले. मान वर न करता त्या म्हणाल्या, "आमी खातो बाई, पन दोन-चार ठेवतो. तुमी तर येक पन नाय ठेवली."