बस्त्यावचे अमेरिकन अध्यक्ष

किस्से कुणी ठरवून जमवत नाही हो. तीन गडी एका केबिनमध्ये सहा वर्षं कोंबले, की कॉटखाली दूध पावडरचे रिकामे डबे साठतात तसे ते आपोआप साठतात. फेकायला हात धजत नाही. त्यातून त्या तिघांत माझ्यासारखा संशयी माणूस असला, म्हणजे तर विचारूच नका!

ही गोष्ट कतारमधल्या उम सईदची, ऐंशीच्या दशकातली. मी सर्जेराव, कराडकडचा, कंपनीत इलेक्ट्रिशियन. दुसरा गफूरभाई, दापोलीचा, क्रेन चालवायचा. तिसरा बस्त्याव, वसईचा, साहेबाचा टायपिस्ट. साहेब अमेरिकन, साठीला टेकलेला, एकटाच राहायचा. पत्रं सांगून झाली की तो बस्त्यावला तासभर समोर बसवून आपल्या देशाच्या जुन्या अध्यक्षांच्या भानगडी ऐकवायचा. बस्त्याव त्या दर शुक्रवारी जेवताना आमच्या पानात वाढायचा.

मला पहिल्या दिवसापासून एकच प्रश्न पडलेला. साहेब याला एवढं देतो, तर हा बदल्यात काय देतो? फुकट कोण कुणाला गोष्टी सांगतं?

*

पहिल्याच शुक्रवारी बस्त्यावनं मेसमध्ये एका अध्यक्षाचं नाव मोठ्यानं घेतलं आणि पलीकडच्या टेबलावरचा अमेरिकन फोरमन गर्रकन वळला. गफूरभाईनं टेबलाखालून लाथ घातली. "नावं नको रे बाबा! त्यांच्या बापजाद्यांची टिंगल चाललीय असं वाटायचं."

तेव्हापासून फक्त नंबर. एक नंबर, दोन नंबर, ज्या क्रमानं गादीवर बसले त्या क्रमानं.

तर एक नंबरचे दात. "ते लाकडाचे होते असं लोक म्हणतात, पण खोटं आहे," बस्त्याव म्हणाला. "पाणघोड्याच्या दाताचे होते. शिवाय काही माणसांचे."

"कुठल्या माणसांचे?"

"दुसऱ्यांचे."

"आयला! म्हणजे जेवायचं यानं आणि चावायचं दुसऱ्यानं?"

माझा काही विश्वास बसेना. पुढच्या शुक्रवारी दोह्याला सूक वाकिफच्या बाजारात गेलो तेव्हा नोटा बदलून देणाऱ्याकडे एक डॉलरची नोट नुसती बघायला मागितली. तो माझ्याकडेच संशयानं बघायला लागला. नोट उजेडात धरली, तर तिच्यावरचा एक नंबर ओठ गच्च मिटून बसलेला! गफूरभाईला सांगितलं, तर म्हणतो, "मग? तसले दात घालून तू तरी हसला असतास काय?"

*

दोन नंबरची बायको नव्या सरकारी वाड्यात राहायला आली, तेव्हा वाडा अर्धवट बांधलेला. कपडे वाळत घालायला धड जागा नाही. बाईनं सरळ सगळ्यात मोठ्या दिवाणखान्यात दोऱ्या बांधल्या आणि अध्यक्षांचे कपडे तिथे टांगले!

गफूरभाईला ही बाई भलतीच आवडली. आमच्या कॅम्पात खिडकीबाहेर कपडे घालायला बंदी होती. दुसऱ्या दिवशी यानं आपली ओली लुंगी टीव्हीच्या हॉलमध्ये, बरोबर टीव्हीच्या डोक्यावर टांगली. "तिला चालतं, मग मला का नाय?"

"तिच्या दिवाणखान्यात करंट नव्हता!" मी ओरडलो.

दोन दिवसांनी साहेब साइटवर आला. क्रेनखाली थांबला, वर गफूरभाईकडे बघितलं आणि पोट धरून हसला. तसाच हसत निघून गेला.

"त्याला कुणी सांगितलं?" मी विचारलं.

"असंल कुणीतरी," गफूरभाई म्हणाला. तो साधा माणूस. मी मात्र त्या दिवसापासून बस्त्यावसमोर घरची पत्रं वाचायची बंद केली.

*

"सहा नंबर रोज पहाटे नदीत पोहायचा. नागडा."

"लंगोट?"

"नाही."

"आणि कपडे?"

"काठावर."

"देशाचा अध्यक्ष कपडे काठावर टाकून पाण्यात जातो? कुणाच्या भरवशावर?"

नागडेपणा मला पटला. भरवसा पटला नाही.

*

सात नंबरकडे एक पोपट होता. सात नंबर वारला, मोठमोठी मंडळी जमली, प्रार्थना सुरू झाली आणि पोपटानं शिव्यांचा सपाटा लावला. अशा शिव्या, की बायका लाजल्या आणि शेवटी पोपटाला बाहेर न्यावं लागलं.

गफूरभाई हसून हसून खोकायला लागला. मी विचारलं, "त्याला शिकवल्या कुणी?"

"शिकवायला कशाला लागतं?" बस्त्याव म्हणाला. "घरात ऐकतो तेच बाहेर बोलतो."

माझा घास हातातच राहिला. घरात ऐकतो तेच बाहेर बोलतो! मी बस्त्यावकडे टक लावून बघितलं. तो शांतपणे खुबूसच्या रोटीचा तुकडा मोडत होता.

*

मग तेलाचा भाव पडला. हेड ऑफिसचा निरोप आला, की निम्मी माणसं घरी पाठवा. कोण राहणार, कोण जाणार, ते साहेबानं ठरवायचं. आणि यादी टाइप कोण करणार? आमच्याच खोलीतला पोपट!

थोरलीचं लग्न ठरलेलं. मुलाकडच्यांनी 'वडील गल्फला असतात' एवढ्यावर होकार दिला होता. मी बॅग उचलून कराडच्या स्टँडवर उतरलो असतो, तर ते लग्न त्याच दिवशी खलास झालं असतं.

त्या शुक्रवारी मी बस्त्यावला सरळच विचारलं. "माझं नाव आहे का?"

तो म्हणाला, "बारा नंबरची गोष्ट सांगू? त्याला पक्षानं अध्यक्षपदासाठी उभं केलं. तसं पत्र पाठवलं, पण तिकीट न लावता. पैसे घेणाऱ्यानं भरायचे. याच्याकडे असली ढीगभर पत्रं यायची. यानं पोस्टमास्तरला सांगून ठेवलेलं, फुकटी पत्रं घ्यायची नाहीत. ते पत्र गेलं परत! आपण उभे आहोत हे त्याला कितीतरी आठवडे माहीतच नव्हतं. मजेत होता बिचारा."

"मी काय विचारतोय आणि तू काय सांगतोयस!"

"सर्जेराव, साहेबाचा कागद आहे. मला बोलता येत नाही."

"पण साहेबाच्या कानात बोलता येतं, होय? लुंगी कुणी पोचवली?"

त्यानं कालवणाचं भांडं माझ्याकडे सरकवलं. मी म्हणालो, "यापुढे माझ्याशी बोलू नकोस." त्यानं केलेलं माशाचं कालवण तसंच ठेवून मी डाळ-भात खाल्ला. त्या दिवशीचं कालवण गफूरभाईनं एकट्यानं संपवलं, त्याचाही मला राग आला.

*

पुढचे दोन आठवडे मी काय काय केलं ते सांगायची लाज वाटते. ऑफिसात ट्यूबलाइट बदलायच्या निमित्तानं गेलो आणि कचऱ्याच्या टोपलीतला वापरलेला कार्बन पेपर खिशात घातला. खोलीवर येऊन उजेडात धरला. पठ्ठ्यानं एकच कार्बन दहा वेळा वापरलेला! सगळी अक्षरं एकमेकांवर चढलेली. बघावं तिथे मला माझंच नाव दिसायला लागलं.

बस्त्याव रोज संध्याकाळी यायचा, हातपाय धुवायचा, क्रॉस करून जेवायला बसायचा. गफूरभाईला गोष्टी सांगायचा. मी भिंतीकडे तोंड करून ऐकायचो आणि हसू आलं की खोकायचो.

गुरुवारी घरी जाणाऱ्यांची यादी लागली. मी वरून खाली वाचली, खालून वर वाचली. माझं नाव नव्हतं. गफूरभाईचं नव्हतं. शेवटून तिसरं नाव बस्त्यावचं होतं, त्यानंच टाइप केलेलं, एकही चूक नसलेलं.

म्हणजे दोन आठवडे हा माणूस स्वतःचं नाव पोटात ठेवून आम्हाला हसवत होता. शनिवारी कंपनीची बस आली. गफूरभाईनं मिठी मारली. मी नुसता हात पुढे केला. बस्त्याव म्हणाला, "लेकीच्या लग्नाला बोलवा हं." बस गेली आणि मी उन्हात तसाच उभा राहिलो.

*

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी साहेबाच्या केबिनमधला एसी बिघडला. मी स्टुलावर चढलेला. खालून साहेब म्हणाला, "तूच तो लोणचंवाला ना?"

आता हे सांगायलाच पाहिजे. पहिल्या वर्षी बायकोनं लिंबाच्या लोणच्याची बरणी दिली होती. खोलीत ठेवली तर हे दोघं फस्त करतील, म्हणून मी ती कॅम्पामागे वाळूत पुरली. मग तीन दिवस शमालचा, तिकडचा उत्तरेचा वारा सुटला. वाळू कुठली कुठे गेली! मी अकरा खड्डे खणले. वॉचमननं हटकलं तेव्हा छाती काढून सांगितलं, "अर्थिंग शोधतोय!" बस्त्याव फावडं घेऊन मदतीला आला होता. काय शोधतोय, हे त्यानं एकदाही विचारलं नव्हतं. तरी ओळखलं होतं तर!

"सापडली का शेवटी?" साहेबानं विचारलं.

"नाही, सर."

साहेब इतका हसला, की चष्मा काढून डोळे पुसायला लागला. म्हणाला, "हेड ऑफिसला नावं द्यायची होती. इथे कागद घेऊन बसलो. तुमच्यातल्या काही जणांची नावं लिहायला हातच उठेना. इतकी ओळखीची झाली होती माणसं!"

मी स्क्रूड्रायव्हर हातात धरून स्टुलावरून खाली उतरलो. धीर करून विचारलं, "आणि बस्त्याव, सर?"

साहेबाचं हसू थांबलं. त्यानं चष्मा चढवला, टाइपरायटरकडे बघितलं. "चांगला टायपिस्ट होता," तो म्हणाला. "पण त्याच्याबद्दल मला कधी कुणी काही सांगितलंच नाही."