गाडीतळावर आखलेली रेघ

आमच्या कारखान्याचं धुराडं सलग दोन हंगाम थंडच होतं. पाऊस नाही म्हणून ऊस नाही आणि ऊस नाही म्हणून गाळप नाही. एरवी दिवाळी झाली की बैलगाड्यांच्या घुंगरांनी आणि मळीच्या वासानं भरून जाणारा तो सहकारी साखर कारखाना गप्प पडला होता. दादा, म्हणजे माझे वडील, तिथं फिटर होते. यंत्रांना गंज चढू नये म्हणून ते रोज तेलपाणी करायला जायचे, आणि बाकीचा दिवस वसाहतीत सगळ्यांसारखेच मोकळे असायचे.

मी तेव्हा परळीला बी.एस्सी. करत होते, रसायनशास्त्र घेऊन. कॉलेजच्या एका स्नेहसंमेलनात मी सहज म्हणून शंभर मीटर पळाले आणि पहिली आले. क्रीडाशिक्षक सर म्हणाले, "रोज सराव केलास तर विद्यापीठाच्या संघात जाशील. पण मैदान हवं." कॉलेजचं मैदान म्हणजे दगडगोटे आणि बाभळीचे काटे. घरी येऊन मी हे दादांना सांगितलं. दुसऱ्या दिवशी ते कारखान्याच्या कार्यकारी संचालक साहेबांची परवानगी काढून आले, ते थेट हातात मोजपट्टी घेऊनच.

कारखान्याच्या फाटकाशी गाडीतळ होता. उसाच्या गाड्या वजनकाट्यावर जायच्या आधी तिथं रांगेनं थांबायच्या. वर्षानुवर्षं चाकांनी आणि खुरांनी चोपलेली ती मुरमाची जमीन टणक नि सपाट झाली होती, आणि दुष्काळामुळे पूर्ण रिकामी. दादांनी रस निवळायला लागणाऱ्या चुन्यातला उरलेला चुना आणला आणि सुतळी धरून दोन सरळ रेघा आखल्या. म्हणाले, "हां. आता पळ. बैलं यायच्या आत काय पळायचं ते पळून घे."

आईला हे मान्य होतं, पण तिची अडचण वेगळी होती. वसाहतीत पाणी टँकरनं यायचं.

"रोज पळनार, रोज घाम येनार, मंग रोज आंघूळ?" ती म्हणाली. "आमी कुठून आनावं एवढं पानी?"

शेवटी तह झाला. मी एका बादलीत आंघोळ करायची, तीही न्हाणीत परातीत बसून, आणि ते पाणी दारातल्या वांग्यांना घालायचं. त्या उन्हाळ्यात वसाहतीत कुणाच्या दारात हिरवं नव्हतं. आमची वांगी मात्र लई माजली. शेजारणी विचारायच्या, तर आई सांगायची, "पोरगी पळती, वांगी वाढत्यात."

हळूहळू मी वसाहतीची करमणूक झाले. संध्याकाळी ऊन उतरलं की बाया सुपात तूर घेऊन गाडीतळाच्या कडेला बसायच्या. पुरुषमंडळी काट्याच्या ओट्यावर बसायची. मी पळाले की तिकडून आवाज यायचा, "आज ढिली हाय बे ही!" दुसरा म्हणायचा, "तू पळून दाव मंग!" एकदा ऊसपुरवठा विभागाचे एक कारकून खरंच धोतर खोचून माझ्याशेजारी उभे राहिले. अर्ध्या वाटेत त्यांची चप्पल एकीकडे आणि ते दुसरीकडे. ते स्वतःच इतके हसले की त्यांना उठवायला दोघांना जावं लागलं.

अभ्यास मी पहाटे करायचे आणि एसटीत. वेळ कमी असल्यामुळेच बहुधा तो नीट व्हायचा.

शेवटच्या वर्षी मात्र दोन्ही गोष्टी समोरासमोर आल्या. विद्यापीठाच्या स्पर्धा बीडला होत्या. आदल्या दिवशीच्या फेऱ्यांमधून मी अंतिम फेरीत गेले आणि संध्याकाळच्या एसटीनं घरी परतले, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी परळीला माझी प्रात्यक्षिक परीक्षा होती. फायनल त्याच दिवशी दुपारी, बीडला.

"एक सोड," असं वर्गातल्या मैत्रिणी आधीच म्हणाल्या होत्या. मला दोन्ही हवं होतं.

दादांनी रात्रीच दूध संघाच्या टँकरवाल्या मामांना गाठलं. त्यांचा टँकर रोज दुपारच्या आत परळीहून बीडच्या शीतकरण केंद्रावर जायचा. मामा म्हणाले, "पोरीला कॉलेजाच्या फाटकावर उभी करा. मी उचलतो." आई म्हणाली, "एकटी पोरगी टँकरमधी कशी धाडू? मी बी येते." तिनं आजवर माझी एकही स्पर्धा पाहिली नव्हती.

परीक्षेत मला टायट्रेशन आलं. ब्युरेटमधून थेंब थेंब सोडायचा आणि शंकुपात्रात फिकट गुलाबी रंग आला की थांबायचं. एक थेंब जास्त झाला की रंग गडद होतो आणि सगळं पुन्हा. माझे पाय टेबलाखाली नाचत होते, पण हात मी दाबून धरला. रंग आला तो अगदी हवा तसा, उमलायच्या आधीच्या कळीसारखा. बाहेरून आलेले परीक्षक माझ्याजवळ आले.

"बाई, तुम्ही सारख्या घड्याळाकडे बघताय. कुठं जायचंय?"

"सर, बीडला. दुपारी शंभर मीटरची फायनल आहे."

त्यांनी चष्म्यावरून आधी माझ्याकडे पाहिलं, मग शंकुपात्राकडे. "मग इथं काय करताय? तोंडी परीक्षा तुमची पहिली घेतो. या." पाच-सहा प्रश्न विचारले, सगळे आले. उठताना ते म्हणाले, "निकाल मला कळवा. पळण्याचा."

फाटकावर टँकर घुरघुरत उभा होता आणि केबिनमध्ये मांडीवर भाकरीचं गाठोडं घेतलेली आई.

"मामा, पोचू ना वेळेत?"

"पोचतो की. चाऱ्याबिगर म्हशी आटल्या, टाकी अर्धी बी भरंना. गाडी पाखरावानी हलकी हाय." एवढं बोलून त्यांनी गियर टाकला. मग म्हणाले, "चल, तेवढं तरी बरं झालं."

वाटेत एका गावी ते कॅन घ्यायला थांबले. मी उतरून रस्त्याच्या कडेला गुडघे वर घेत पळायला लागले. कॅन आणलेली म्हातारी आईला म्हणाली, "मुंग्या चावल्या काय गं हिला?" आई ऐटीत म्हणाली, "न्हाई, सराव हाय."

बीडच्या मैदानावर पोचलो तेव्हा माझ्या स्पर्धेची शेवटची हाक चालू होती. सर हात हलवत धावत आले, माझ्या पाठीवर नंबर लावला. मी बूट घातले आणि रेषेवर गेले. गोळी सुटली. पुढचं मला फक्त पायांतून आठवतं. शेवटाला शेजारची मुलगी जरा पुढं झुकली आणि मी दुसरी आले. विद्यापीठाच्या संघात दोघींची निवड झाली.

मी धापा टाकत कठड्याशी गेले. आईचा चेहरा पडलेला.

"झालं?" ती म्हणाली. "आगं, येवढ्यासाठी आपन सकाळधरनं मरमर केली? मी नीट बसले बी नव्हते!"

"आई, शंभरच मीटर असतं."

"आन् तू थांबली कावून? म्होरं एवढी जागा होती की!"

आजूबाजूचे लोक हसायला लागले, मामा तर कठड्याला धरून हसत होते. मग मी दुसरी आले आणि संघात निवडले गेले हे त्यांनी तिला समजावून सांगितलं. तिनं पहिल्या आलेल्या मुलीकडे नीट निरखून पाहिलं आणि म्हणाली, "तिचं नाकच लांब हाय. न्हाईतर आपलीच पहिली होती." त्या मुलीनं ते ऐकलं आणि ती येऊन आईच्या पाया पडली. आईनं गाठोडं सोडून तिलाच आधी भाकरी दिली.

त्यानंतरच्या वर्षी पाऊस बरा झाला, कारखान्याचं धुराडं पुन्हा पेटलं, आणि मी तिथल्याच प्रयोगशाळेत केमिस्ट म्हणून रुजू झाले. मुलाखतीत मुख्य केमिस्ट साहेबांनी विचारलं, "स्पर्धांसाठी सुट्ट्या मागशील?"

"मागीन, सर."

"मग पाळी बदलून घ्यायला माणूस तूच शोधायचा."

माणसं मिळत गेली. गाडीतळ आता उसानं आणि बैलांनी भरला होता, म्हणून मी कालव्याच्या कडेच्या रस्त्यावर पळायला लागले. पहाटे ऊसतोडीच्या बाया फडाकडे निघालेल्या असायच्या. पहिल्या दिवशी त्यांतल्या एकीनं कोयता सावरत घाबरून विचारलं, "कोन लागलंय गं मागं?"

"कुनी न्हाई. अशीच पळते."

"अशीच?" तिनं कोयता दुसरीच्या हातात दिला, कासोटा घट्ट केला आणि माझ्याबरोबर सुटली. लिंबाच्या झाडापर्यंत ती माझ्या खांद्याला खांदा लावून होती. मग थांबून कमरेवर हात ठेवून इतकी हसली की बाकीच्याही हसायला लागल्या. पूर्ण हंगामभर मग त्या मला वाटेत गाठायच्या, आणि रोज एखादी तरी पळून बघायची.

राज्य स्पर्धेत मी चौथी आले. त्या वेळी वाईट वाटलं, नाही कसं? पण रात्रभराचा प्रवास करून सकाळच्या पाळीला प्रयोगशाळेत शिरले, तर टेबलावर केळीच्या पानात कुणीतरी गुऱ्हाळावरून आणलेली ताज्या गुळाची लहान ढेप ठेवलेली आणि अख्खी पाळी दारात जमलेली. रसाची गोडी मोजणारी नळी अजून माझ्या हातात यायची होती. मुख्य केमिस्ट साहेब म्हणाले, "आधी सांग, पुढं कोण कोण होतं आणि किती पुढं होतं. रसाचा नमुना थांबेल."

रस वाहत होता, ताक घुसळणाऱ्या रवीसारखी यंत्रं घुमत होती. मी गुळाचा खडा तोंडात टाकला आणि पहिल्यापासून सांगायला लागले.