ऐन, अर्जुन आणि मी लिहिलेला अभिप्राय

किनवटच्या जंगलात जायचं ठरलं ते आत्याच्या एका वाक्यामुळे. दिवाळीनंतर ती लातूरला आमच्याकडे आली होती. शेंगा सोलता सोलता सहज म्हणाली, "मने, तुला जेवढी झाडं शिकवली ना, त्यातली निम्मी म्या सोता पाह्यलेली न्हाईत."

माझ्या हातातली शेंग हातातच राहिली. चौथीपर्यंतची माझी शाळा म्हणजे आत्या. आमचं शेत जळकोटच्या पुढे, शाळा दोन ओढ्यांच्या पलीकडे, आणि ओढ्याला घोट्याएवढं पाणी असलं तरी मी रडायचे. म्हणून दहावी झालेल्या आत्यानं शेतातल्या घराच्या ओट्यावरच माझी शाळा भरवली. पाढे, शुद्धलेखन, आणि रोज एक झाड. ती पाटीवर पान काढायची, शेजारी सालीची खूण, खाली नाव. धावडा, मोह, ऐन, अर्जुन. तिला ही झाडं कुठून माहीत, हे विचारायचं मला कधी सुचलंच नाही. शिक्षकांना असं कोण विचारतं?

"मग बघून येऊ की," मी म्हणाले, आणि लगेच वही शोधायला उठले.

पुढचे चार दिवस मी तयारी केली. तयारी म्हणजे काळजी, फक्त वहीत लिहिलेली. किनवटच्या अलीकडे वनखात्याचं एक छोटं निसर्ग पर्यटन केंद्र आहे. त्याचं नाव मी इथे देणार नाही. तिथल्या अभिप्राय वहीत माझं नाव आहे आणि तुमच्यापैकी कुणीतरी ते नक्की शोधेल. तिथल्या गाईड सुरेखाताईंचा नंबर ओळखीतून मिळाला. मी फोन करून विचारलं, "वाघ आहे का हो तिथे?"

"न्हाई ताई."

मला हायसं वाटलं.

"अस्वल हाय."

लातूरहून सकाळची एसटी धरली तर अहमदपूर, लोहा करत दुपारपर्यंत नांदेड येतं. बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे आत्या मुळातच खुशीत होती. नांदेडला मुक्काम केला, गुरुद्वाऱ्याच्या लंगरात जेवलो. दुसऱ्या दिवशी पहाटेच भोकर, हिमायतनगरमार्गे किनवटची गाडी पकडली. भोकरला गाडी थांबते तिथे भजी चांगली मिळतात. मी खाल्ली नाहीत, कारण प्रवासात तेलकट खाऊ नये असं वहीत लिहिलं होतं. आत्यानं दोन प्लेटी खाल्ल्या आणि तिला काही झालं नाही. मला मात्र उपाशीपोटी गाडी लागली.

हिमायतनगर सोडलं की रस्त्याच्या कडेला साग सुरू होतो. लातूरकडच्या माणसाला एवढी झाडं एकदम बघायची सवय नसते. आत्या खिडकीला नाक लावून बसली होती. थोड्या वेळाने म्हणाली, "हे समदं कुणी लावलं गं?"

केंद्राच्या गेटवर माणशी तीस रुपये तिकीट, गाईड घेतला तर दोनशे वेगळे. गाईड घ्याच. आत दोन किलोमीटरची पायवाट, एक मचाण, एक पाणवठा, बसायला तीन बाकडी. शौचालय स्वच्छ आहे, पण नळ नाही, पिंपातून पाणी घ्यावं लागतं. प्यायचं पाणी आपलं आपण न्यावं. खायला काहीच मिळत नाही. गेटवरच्या फलकावर अकरा नियम आहेत. ते मी सगळे मोठ्याने वाचले. त्यातला पाचवा भडक कपड्यांबद्दल होता आणि आत्या लाल लुगडं नेसून आली होती. मी तिला माझी मातकट शाल पांघरायला लावली. भर दुपारी.

"अस्वलाला लाल रंग दिसत असंल का गं?" तिनं विचारलं.

"नियम आहे, आत्या."

"मग त्याला बी वाचून दाखव."

सुरेखाताई हसल्या. तिशीच्या आतबाहेर, खाकी शर्ट, पायात साधी चप्पल. शेजारच्याच वस्तीवरच्या. त्या चालताना बोटानं नुसतं दाखवायच्या: हा धावडा, ही तेंदूची झुडपं, इथे रात्री अस्वलानं वारूळ उकरलं. त्या खड्ड्याजवळ मी अस्वलासाठी गळ्यात अडकवून आणलेली शिट्टी बाहेर काढली. मोहाच्या झाडाशी आत्या थांबली आणि तिनं खोडावर हात ठेवला.

झाडांना पत्र्याच्या छोट्या पाट्या तारेनं बांधलेल्या होत्या, वर नाव. सुरेखाताई म्हणाल्या, "चाळीस हायेत. मीच बांधल्यात समद्या, नावं बी मीच सांगितली. उद्या दुपारी साहेब येणारेत बघायला. त्यांना पटलं तर पुढच्या साली बी मला ठेवतील. न्हाई तर हाय आपलं कापूस वेचणं."

एवढ्यात दुसरा गट आला आणि त्या त्यांना घेऊन मचाणाकडे गेल्या. आम्ही पाणवठ्याजवळ आलो. तिथे काठावर एक गुळगुळीत, पांढरट सालीचं झाड होतं. पाटी: अर्जुन. जरा वर चढावर एक काळपट, मगरीच्या पाठीसारखी भेगाळलेली साल असलेलं झाड. पाटी: ऐन.

मी थबकले. ओट्यावरच्या शाळेत आत्यानं पाटीवर काढलेली ती खूण मला अजून आठवत होती. भेगा भेगा, खाली नाव अर्जुन. गुळगुळीत तो ऐन.

"आत्या, पाट्या उलट्या लागल्यात."

आत्यानं दोन्हीकडे पाहिलं. "व्हय, उलट्याच वाटतेत. जाऊ दे, असंल काही."

पण जाऊ देणं मला जमत नाही. उद्या साहेबांच्या नजरेला चूक आली तर बिचारीचं काम जाईल, या विचारानं मी कासावीस झाले. तोंडावर सांगायचं तर तिला किती वाईट वाटेल! म्हणून मी अतिशय नाजूक मार्ग शोधला. गेटवरच्या अभिप्राय वहीत सुवाच्य अक्षरात लिहिलं: "परिसर स्वच्छ व सुंदर. पाणवठ्याजवळील ऐन व अर्जुन या झाडांच्या पाट्यांची अदलाबदल झाली आहे. कृपया त्वरित दुरुस्ती करावी." खाली पूर्ण नाव, पदवीसकट. त्या दिवशी किनवटच्या लॉजवर मला छान झोप लागली.

तिसऱ्या दिवशी सकाळी परतीच्या वाटेवर इस्लापूरला उतरून रिक्षानं सहस्रकुंडला गेलो. पैनगंगा तिथे काळ्या खडकांवरून खाली कोसळते. दिवाळीनंतर पाणी कमी होतं, तरी आवाज पुरेसा होता. खडक निसरडे आहेत, कठड्याच्या पुढे जाऊ नका. हे मी आत्याला सहा वेळा सांगितलं आणि कठड्याच्या अलीकडे सपाट जमिनीवर स्वतःच घसरले.

काठावर एक मावशी पेरू विकत होत्या. त्यांच्यामागे तेच गुळगुळीत, पांढरट झाड, खोडाची साल एका जागी तासून नेलेली. मी आपली सहज विचारायला गेले, "मावशी, ऐनाची साल कशाला काढतात?"

"ऐन कुठला बाई? अर्जुन हाय तो. काळजासाठी साल उकळून पितेत. ऐन वर डोंगरात. सुसरीच्या पाठीवानी असतो."

मी मोबाइल काढला. रेंज होती, दुर्दैवानं. चार ठिकाणी शोधलं. चारही ठिकाणी मावशी बरोबर होत्या.

आता माझी अवस्था बघा. केंद्रावर पाट्या बरोबर, वहीत मी चूक, दुपारी साहेब येणार. आणि हे चुकीचं शिकवलं कुणी, तर पेरूला मीठ लावत माझ्या शेजारी बसलेल्या बाईनं. परत जायला कारण हवं. मी म्हणाले, "आत्या, माझी शिट्टी तिथेच राहिली."

"गळ्यात हाय की तुझ्या."

मग मी सांगितलं. सगळं. आत्यानं पेरू कागदात गुंडाळून ठेवला. "माझ्या मामाच्या झाडांच्या एका जुन्या वहीत बघून शिकले होते. वही पाऊस लागून भिजली होती, पानं एकमेकाला चिकटलेली. मला वाटलं, त्या चित्राखाली हेच नाव." मग म्हणाली, "चल, ऊठ. गाडी कधी हाय?"

गाडी नव्हती. जीप मिळाली, तीत आम्ही धरून चौदा माणसं आणि एक शेळी. शेळी पूर्ण वेळ माझ्या मांडीवर.

पाणवठ्याशी पोचलो तेव्हा सुरेखाताई पक्कड घेऊन तारा सोडत होत्या. ऐनाची पाटी खाली पडलेली, अर्जुनाची हातात.

"ताई, नका काढू!" मी ओरडले. "तुमचंच बरोबर होतं."

त्या गोंधळल्या. "पण तुम्ही लिहिलं ना वहीत? एवढं शिकलेल्या माणसानं लिहिलंय म्हणल्यावर मला वाटलं, आमच्या वस्तीत म्हणतेत ते गावठी असंल. पुस्तकात उलटं असंल." मग हळू आवाजात, "माझा बाप त्या चढावरच्या झाडाखाली गुरं बांधायचा. पन्नासदा त्यानं त्याला येन, म्हंजे ऐनच, म्हणलेलं ऐकलं. तरी रात्रभर मला वाटून राहिलं, बाप बी चुकला असंल."

मला जमिनीत जावंसं वाटलं. मी माफी मागायला लागले, तीही परिच्छेद पाडून. आत्यानं मला बाजूला सारलं. "तिचं काही न्हाई बाई, म्या तिला उलटं शिकवलं. तुझा बाप बरोबर हाय. आण ती तार."

तिघींनी मिळून पाट्या पुन्हा बांधल्या. मग आत्या गेटवर गेली, वही मागितली आणि माझ्या अभिप्रायाखाली तिच्या वळणदार अक्षरात लिहिलं: "वरील मजकूर चुकीचा आहे. विद्यार्थिनीस शिकवताना माझी चूक झाली. पाट्या बरोबर आहेत." आणि सही.

तीनच्या सुमारास साहेब आले. आम्ही बाकड्यावर बसून राहिलो, जणू आमचं कुणी परीक्षेला बसलंय. पाणवठ्यापाशी त्यांनी भेगाळलेल्या झाडाची पाटी हातानं झाकली आणि विचारलं, "हे कोणतं झाड?" सुरेखाताईंनी झाडाकडे बघायच्या आधी माझ्याकडे बघितलं. मी खाली मान घातली. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

"येन, साहेब," त्या म्हणाल्या. "पाटीवर ऐन लिव्हलंय."

साहेब पुढच्या झाडाकडे गेले.

नांदेडहून लातूरला येताना लोहा आलं तशी आत्या माझ्याकडे वळली. मग म्हणाली, "मने, एकोणतीसचा पाढा म्हण."

"आत्या, गाडीत?"

"म्हण. अजून काय काय उलटं शिकवलंय ते बघू दे."

अहमदपूरपर्यंत पाढे झाले, मग महाराष्ट्रातल्या नद्या, मग ऱ्हस्व-दीर्घ. पुढच्या सीटवरच्या काकांनी दोनदा मागे वळून बघितलं. पाढे बरोबर निघाले. नद्यांत एक गडबड सापडली, ती माझी होती. चाकूर गेल्यावर आत्याला झोप लागली, माझ्या खांद्यावर, शाल पांघरून.

घरी आल्यावर मी त्या अकरा नियमांचा फोटो पुन्हा वाचला. झाडांना इजा करू नका, आवाज करू नका, कचरा टाकू नका. मी एकही नियम मोडला नव्हता. आणि तरी एका बाईला तिच्या बापावर रात्रभर शंका घ्यायला लावून आले होते. ऐन म्हटलं की मला आजही आधी गुळगुळीत झाडच दिसतं. मग मी ते मनात पुसते आणि भेगा काढते. एवढ्या वर्षांची पाटी एका सहलीत कोरी होत नाही.

परवा सुरेखाताईंचा फोन आला. त्यांना पुढच्या वर्षी ठेवलंय. मी एवढी ओरडले की आई स्वयंपाकघरातून धावत आली.

"आन ताई, काल एक पाव्हणा आला होता. म्हणला, धावड्याची पाटी चुकलीय. वहीत लिहितो म्हणला."

"मग तुम्ही काय केलंत?"

"काय करणार? वही काखेत मारली, त्याला झाडाखाली नेलं. म्हणलं, दाखवा आता कुठं चुकलंय. लई घाम फुटला त्याला."

फोन ठेवल्यावर मला त्या माणसाबद्दल फार वाईट वाटलं.