जावयबापूंची खुर्ची

आपण ग्रामपंचायतीत भाषणाच्या जोरावर निवडून आलो, असं हवालदार कुंदनसिंग बिष्ट यांना पुढे बरेच दिवस वाटत होतं. मूळचे गढवालचे. फौज सोडल्यावर धाटावच्या कंपनीत गेटवर लागले आणि पेणच्या खाडीकाठच्या नूतनशी लग्न करून तिच्याच गावात राहिले. प्रचाराला जमलेल्या बारा माणसांना त्यांनी ‘अध्यक्ष महोदय’ म्हणून हाक मारली, तेव्हापासून पोरं त्यांना ‘खासदार’ म्हणत. मोठी माणसं मात्र वीस वर्षं एकच म्हणत, जावयबापू.

निवडून येण्याचं कारण नूतननं सांगितलं. “गावच्या जावयाला नाय कोन म्हननार?”

जावयाला मान मिळे, काम मिळत नसे. कुंदनसिंगांना तर गावचं व्हायचं होतं. म्हणून खाडीचं पाणी अडवणाऱ्या खारबांधाला पडलेली खांड, म्हणजे भगदाड, बुजवायचं त्यांनी अंगावर घेतलं. ती राहिली तर खाडीचं पाणी भातशेतीत आणि सदस्य नुसते शोभेचे. नोटीस काढली: रविवारी, सकाळी बरोबर दहा. सगळे “व्हय, व्हय” म्हणाले.

रविवारी बांधावर शिट्टी घेऊन ते एकटेच. डोंगरातल्या माणसाला पाणी खाली जातं एवढंच ठाऊक. इथे ते वर चढत आलं. खांडीत उतरून चिखलात कमरेपर्यंत रुतलेल्या खासदारांना शेजारच्या जनूबाबांनी दोरीनं ओढून काढलं.

“आज पुनव, बापू. उधानाला कोन बांध घालतो? अष्टमीला पानी चढत नाय, तवा.”

“मग आधी का नाय सांगितलंत?”

“जावयाला चुकलं कसं म्हनायचं?”

अष्टमीला नोटीस नाही, शिट्टी नाही, तरी सगळं गाव हजर. रांग लावून चिखलाचे गोळे हातोहात खांडीकडे चालले होते. कुंदनसिंगांसाठी छत्रीखाली खुर्ची मांडलेली. फौजेत खुर्ची मिळावी म्हणून ते वीस वर्षं झुरले होते. आता मिळाली तर काट्यासारखी टोचत होती. ते उठले आणि रांगेत सासूबाईंच्या, हौसाबाईंच्या, शेजारी उभे राहिले. रांग थबकली.

“आई, द्या.”

हौसाबाईंनी बिचकत गोळा दिला. तो कुंदनसिंगांच्या हातून निसटून हौसाबाईंच्याच पायावर पडला.

“मेल्या कुंदन! हातांना काय मेंदी लागलीय? दोन्ही हातांनी धर!”

 हौसाबाईंनी जीभ चावली. सुभेदारांच्या शिव्या कुंदनसिंगांनी पोटभर खाल्ल्या होत्या, पण इतकी गोड एकही लागली नव्हती.

“धरतो, आई,” ते म्हणाले.

पुढचा गोळा न बिचकता आला, त्यापुढचा जरा जोरातच. दुपारपर्यंत खांड बुजली. खुर्चीत जनूबाबा बिडी ओढत बसले होते.