मारिसोलचा शिळा भात

दादाचा फोन आला तेव्हा मी म्युनिकच्या एस-बान लोकलमध्ये होते. "मारिसोल गेली गं," एवढंच म्हणाला. सकाळी चहा घेता घेता छातीत कळ आली आणि संपलं... मी पुढच्याच स्टेशनवर उतरले, कारण बसवेना. तेव्हापासून मला एका जागी धड बसवलेलं नाही. कपाट आवरायला घेते, अर्धवट सोडते. पुस्तक उघडते, मिटते. शेवटी म्हटलं, लिहूनच काढावं.

मारिसोल माझी वहिनी, कोस्टा रिकाची. जर्मनीत डार्मश्टाटला शिकायला आली, तिथंच दादा शिकत होता, पुढचं सांगायला नको. लग्नानंतर तिनं मराठी शिकायचं मनावर घेतलं आणि आम्हा सगळ्यांना घाम फोडला. क्रियापदं कशीही, पण बोलायची मात्र बेधडक. दर शनिवारी सकाळी ती तिच्या देशातला गायो पिंतो करायची. आदल्या दिवशीचा मोकळा भात, शिजवलेला काळा घेवडा, कांदा, ढोबळी मिरची, वर मूठभर कोथिंबीर. घेवड्याच्या पाण्यानं भात ठिपकेदार दिसतो, म्हणून नाव 'ठिपक्यांचा कोंबडा'. नाव ऐकून आईनं आधी आत कोंबडी नाही ना, याची खात्री करून घेतली होती.

पण आईची खरी अडचण कोंबड्याची नव्हती. बाबा गेल्यावर ती दादाकडे राहायला आली आणि पहिल्याच शनिवारी तिच्यापुढे आदल्या दिवशीचा भात आला. उरलेला भात तिनंही आयुष्यभर फोडणीला टाकला, पण तो स्वतःपुरता. दुसऱ्याच्या पानात वाढायचा नाही. "शिळा भात ना हा?" असं ती दर शनिवारी विचारायची आणि ब्रेड खायची. मारिसोलला वाटलं, सासूबाई इतक्या आवर्जून विचारतात म्हणजे शिळा हे काहीतरी उत्तम प्रतीचं असणार. मग मराठी मंडळातलं कुणी जेवायला आलं की ही दारातच सांगायची, "आज तुमच्यासाठी खास शिळा भात केलाय." खरा अर्थ कळला तेव्हा पोट धरून हसली, आणि तरीही तेच म्हणत राहिली. ताज्या भाताचा लगदा होतो, शिळाच चांगला, हे तिचं म्हणणं. आईनं मात्र कधी घास घेतला नाही. भांडण असं काहीच नव्हतं. बाजारात, डॉक्टरकडे दोघी हातात हात घालून जायच्या. त्या एका ताटलीपाशी तेवढं सगळं अडायचं.

तेराव्याला मी दादाकडे होते. मारिसोलच्या नावानं पान वाढायचं होतं. तिच्या आवडीचं काय करायचं हा प्रश्नच नव्हता. पण गेलेल्या माणसाच्या पानात शिळं कसं वाढायचं? आईला विचारायची दादाची हिंमत होईना, आणि माझीही. मी सकाळी गुपचूप ताजा भात लावला. तो घेवड्यात पडला आणि चिखल झाला. दुसरा लावला, खिडकीशी वाऱ्यावर ठेवला, पुन्हा तेच... मला रडू यायच्या ऐवजी राग येत होता. भाताचा, शेगडीचा, अशी न सांगता निघून गेली म्हणून मारिसोलचासुद्धा. मारिसोलची लेक आनिका शेजारी येऊन उभी राहिली. तिला मराठी सगळं कळतं, उत्तरं जर्मनमध्ये देते. "आत्या, देअर राइस इस्ट त्सू फ्रिश," ती म्हणाली आणि तिला हुंदका आला.

आईनं बाहेरून विचारलं, काय म्हणतेय ती? भात फार ताजा आहे म्हणते, मी सांगितलं. आई ओट्याशी आली. कढईतला लगदा तिनं उलथन्यानं थोडा हलवून पाहिला. आता खीर-पुरीवर भागवायला सांगणार, असं मला वाटलं.

"भात परत लाव. मोकळा," ती म्हणाली. "परातीत पसरून गार कर आणि झाकून फ्रीजमध्ये ठेव. तिचं पान उद्या वाढू."

"अगं आई, तेरावा आज आहे," दादा म्हणाला.

"असू दे. थांबेल ती. मी नाही का इतकी वर्षं तिला थांबवली?"

मी तांदूळ धुवायला घेतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादानं स्वतः कांदा चिरला, आनिकानं कोथिंबीर. दाणा न् दाणा सुटा झाला. बाल्कनीत पान ठेवून आलो, तर आई आधीच टेबलापाशी बसली होती. तिनं एक घास घेतला, मग दुसरा. मान खाली घालून सगळा भात संपवला. मी उगाच ओटा पुसत होते.

"अजून थोडा वाढ," ती म्हणाली.

मी वाढला आणि तिथून निघून गेले. हेच ऐकायला मारिसोल दर शनिवारी हातात डाव घेऊन आईच्या खुर्चीमागे उभी राहायची.