न धुतलेला कपडा

समोरच्या पडदेवाल्यावर माझा पहिल्या दिवसापासून संशय होता. आमची लाँड्री आणि त्याचं दुकान चौदा वर्षं समोरासमोर, मधे एक अरुंद रस्ता, आणि एवढ्या काळात हा माणूस माझ्याशी मोजून चार वाक्यं बोलला असेल. तोंडात कायम टाचण्या. टाचण्या धरून माणूस बोलणार तरी काय, असं आमचे यजमान म्हणायचे. बोलायचं नसतं म्हणूनच तो टाचण्या धरतो, असं माझं म्हणणं.

त्यात दरवर्षीचा तो प्रकार. गल्लीच्या टोकाला मैदान आहे, तिथे वर्षातून एकदा संध्याकाळी सातला आतषबाजी होते. खिडक्यांच्या काचा थरथरतात. त्याच दिवशी सकाळी लोक पडदेवाल्याकडे गाठ मारलेल्या पिशव्या नेऊन द्यायचे. पिशवीत काय, तर अंगावरून उतरवलेला, न धुतलेला कपडा! कुणाचा बनियन, कुणाचा गाऊन. संध्याकाळी तेच लोक आपापली कुत्री त्याच्याकडे सोडायचे आणि आवाज थांबले की घेऊन जायचे. कुत्री बाहेर यायची ती जांभया देत. आता मला सांगा, सायकलची घंटा वाजली तरी गल्ली डोक्यावर घेणारी ही कुत्री, एवढ्या दणदणाटातून जांभया देत येतील? पाण्यात काहीतरी कालवत असणार. गिऱ्हाइकांना मी तसं सांगितलंही. कपडे मोजून घेताना सांगायला वेळ बरा मिळतो.

आमचा बटण त्याच्याकडे कधी गेला नव्हता. बटण यजमानांचा. पिल्लू असताना शर्टाचं बटण गिळलं म्हणून हे नाव पडलं. आतषबाजीला यजमान त्याला घेऊन न्हाणीघरात बसायचे, दार लावून, नळ सोडून. दोन वर्षांपूर्वी यजमान गेले. गेल्या वर्षी मीही तसंच करायला गेले, तर पहिल्याच दणक्याला बटण माझ्या हातातून निसटला, मागच्या दाराची जाळी फाडली आणि पळाला. दोन दिवसांनी सापडला, पंजे सोललेले. जनावरांची डॉक्टरीण म्हणाली, "याचं हृदय मोठं झालंय. पुन्हा असा धसका बसला तर त्याला झेपायचं नाही."

कुत्रं माझं नव्हतं, हे आधीच सांगते. मी त्याला वेळेवर खायला घालायची, फिरवून आणायची, बस्स. तो दिवसभर इस्त्रीच्या टेबलाखाली पडलेला असायचा आणि मधूनच मान वर करून बघायचा. यजमानांच्या जागेवर ही कोण येऊन उभी राहिली, असंच त्याला वाटत असणार, याबद्दल मला शंका नव्हती. पण यजमानांचं म्हणून घरात श्वास घेणारं तेवढंच उरलं होतं. ते माझ्या हातून गेलं असतं तर मी आरशात स्वतःला तोंड दाखवू शकले नसते.

"वहिनी, पडदेवाल्याकडे ठेव ना," नणंद म्हणाली. "सगळे ठेवतात."

"सगळे ठेवतात म्हणून मी ठेवू?"

"मग काय करणारेस?"

आतषबाजीच्या दिवशी सकाळी गेले समोर. पडदेवाल्याने टाचण्या काढून उशीत खोचल्या.

"दुपारी लांब फिरवून आणा. पाचला जेवण घाला. पट्ट्यावर तुमचा फोन नंबर हवा. आणि एक कपडा द्या, न धुतलेला."

"कपडा कशाला?"

"वासासाठी." टाचण्या परत तोंडात.

घरी येऊन मी यजमानांचा निळा शर्ट काढला. तो तसाच्या तसा द्यायला मन होईना. आमच्या लाँड्रीतून चुरगळलेला कपडा बाहेर गेला, हे गल्लीत कुणी बघितलं असतं म्हणजे? पुन्हा एकदा धुतला, स्टार्च केला, कडक इस्त्री मारली, पिशवीत घातला आणि वर गाठ मारली. आपल्या कामाला कुणी नाव ठेवायला नको.

सहाला बटणला घेऊन पोचले आणि सांगून टाकलं, "मी इथेच बसणार."

"बसा," तो म्हणाला. "फक्त सारख्या उठू नका."

मागच्या खोलीत चारी भिंतींना जाड पडदे, दुहेरी. दिवे लख्ख. कोपऱ्यात जुना टेबलफॅन घरघरत होता. पाच कुत्री होती, एक कापडाच्या गठ्ठ्यांमागे, एक कपाटाखाली. जे जिथे लपलं होतं तिथेच त्याने राहू दिलं होतं, ओढून काढलं नव्हतं. तो पाठ वळवून मशीन पुसायला लागला तशी मी पाण्याचं भांडं उचलून हुंगलं. काही कळलं नाही. घोटभर पिऊन बघावं, असंही मनात आलं.

सात वाजायच्या जरा आधी त्याने पिशव्या सोडायला सुरुवात केली. वास उडू नये म्हणून त्या गाठी, हे मला तेव्हा समजलं. ज्याचा त्याचा कपडा ज्याच्या त्याच्यापुढे ठेवला, तशी कुत्र्यांनी तोंडं खुपसली. मग आमची पिशवी. त्याने शर्ट नाकाशी नेला आणि माझ्याकडे बघितलं.

"वहिनी, हा धुतलाय."

"मग? मळका देणार होते की काय?"

तेवढ्यात पहिला दणका बसला. बटणने शर्टाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तो थेट दाराच्या पडद्यावर धावला आणि खालची फरशी खरवडायला लागला. तोंडातून लाळ, छातीचा भाता झालेला. दुसरा दणका झाला आणि त्याचे मागचे पाय लटपटले.

"त्यांचं दुसरं काही आहे? न धुतलेलं?"

"काही नाही," मी म्हणाले. "ते गेले त्याच आठवड्यात सगळं धुतलं मी."

हे तोंडातून निघालं आणि मी काय करून बसले होते ते मला कळलं. दोन वर्षांत कळलं नव्हतं.

"मग तुमचं द्या."

"माझं काय उपयोगाचं? तो माझा नाही."

"दुकानातून मला दिसतं ना," पडदेवाला म्हणाला. "तुम्ही टेबलाच्या त्या टोकाला गेलात की तो त्या टोकाला. तुम्ही मागे पाणी भरायला गेलात की उठून दारात. एप्रन काढा."

सकाळपासून अंगावर असलेला एप्रन, घामाचा आणि वाफेचा. सोडताना गाठ सुटेना, शेवटी डोक्यावरून ओढून काढला. जमिनीवर टाकला. बटण वळला. एप्रनच्या खिशात त्याने नाक घातलं, दोनदा गोल फिरला आणि वर बसला. थरथरत होताच, पण बसला. मग हनुवटी माझ्या पावलावर टेकवली.

पडदेवाल्याने मशीन सुरू केलं. एकच लांब पट्टी तो शिवत राहिला, न थांबता, एकसुरी. बऱ्याच वेळाने मान वर न करता म्हणाला, "माझीही होती एक कुत्री. आतषबाजीच्या संध्याकाळी ती घरी एकटी आणि मी दुसऱ्यांकडे पडदे लावायला गेलो होतो." एवढंच.

आवाज थांबले तेव्हा बटण घोरत होता. निघताना मी पाण्याचं भांडं पुन्हा एकदा हुंगलं. पडदेवाल्याने बघितलं, टाचण्या काढल्या आणि सरळ भांडं तोंडाला लावून उरलेलं पाणी पिऊन टाकलं.

यजमानांचा वास मी माझ्या हाताने साबणात घालवला, याचं मला फार वाईट वाटतं. तो एप्रन अजून धुतलेला नाही. टेबलाखाली अंथरलाय. गिऱ्हाइकं नाक मुरडतात.